दुसरी कुंडी

शालेय विज्ञान प्रदर्शनात एक प्रकल्प दर वर्षी भेटतो: संगीताचा वनस्पतींच्या वाढीवर होणारा परिणाम. टेबलावर मेथीच्या दोन कुंड्या असतात. एक तरारलेली, एक मान टाकलेली. पहिलीला रोज सकाळी बासरी ऐकवली, दुसरीला काहीच नाही, आणि निष्कर्ष थर्माकोलच्या अक्षरांत मागे चिकटवलेला. अशा वेळी परीक्षकाने दोन साधे प्रश्न विचारून पाहावेत. कुंड्या कुठे ठेवल्या होत्या? बासरीवाली गॅलरीत, कारण स्पीकरचा प्लग तिथे होता. दुसरी घरात, टीव्हीच्या कपाटाशेजारी. पाणी कोण घालायचे? पहिलीला मी, दुसरीला आजी, तिला आठवले तर. म्हणजे मेथी वाढली उन्हावर आणि पाण्यावर. श्रेय मात्र बासरी घेऊन गेली.

हसू येते खरे, पण या प्रकल्पाबद्दल मला आदर आहे. त्यात दुसरी कुंडी आहे. शेजारच्या टेबलावर खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा ज्वालामुखी फसफसत असतो, त्याच्यापुढे दिवे लावलेली स्मार्ट सिटी उभी असते. तिथे बघण्यासारखे पुष्कळ असते, पण विचारण्यासारखे काही नसते, कारण काय होणार ते सगळ्यांना आधीच ठाऊक असते. प्रतिकृती मोडू शकते. प्रयोगाचे उत्तर चुकू शकते. दुसरी कुंडी ठेवणाऱ्या मुलाने ही जोखीम पत्करलेली असते. दोन कुंड्यांत एकच गोष्ट वेगळी हवी आणि ‘वाढ’ म्हणजे नेमके काय मोजायचे ते आधी ठरवायला हवे, एवढेच त्याला कुणी सांगितलेले नसते. ते सांगण्यासाठी ही पुस्तिका आहे.

ती आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी लिहिली आहे. लिहिताना डोळ्यांपुढे होती ती वसई गावातल्या होळी भागातली आणि आसपासची मुले. त्यांच्या पायाखाली प्रयोगांची खाण आहे. चालत जाता येईल एवढ्या अंतरावर किल्ला, खाडी, किल्लाबंदर आणि पाचूबंदर. थोडे उत्तरेला सरकले की केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, विहिरी, बावखले म्हणजे वाड्यांतली छोटी तळी. विमानाची प्रतिकृती दुकानात मिळते. भरती-ओहोटीबरोबर श्वास घेणारी जमीन सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. तरीही आमची मुले प्रकल्पाचा विषय यूट्यूबवर शोधतात, हे मला फार खटकते.

आता मुख्य शब्द. जे बदलू शकते ते चल. दहावीच्या गणितात दोन चलांतील रेषीय समीकरणे असतात, त्यामुळे क्ष आणि य यांची ओळख मुलांना असतेच. प्रयोगात फरक एवढाच की इथे क्ष कोण आणि य कोण हे आपल्याला ठरवावे लागते. जे आपण मुद्दाम बदलतो ते स्वतंत्र चल, त्यामुळे जे बदलते का ते आपण पाहतो ते अवलंबी चल, आणि मध्येच येऊन घोटाळा करू शकतील म्हणून ज्यांना जागच्या जागी बांधून ठेवायचे ती नियंत्रित चले. व्याख्या पाठ करायला पाच मिनिटे पुरतात. कस लागतो तो तिसऱ्या प्रकारात. कारण बांधून ठेवायच्या गोष्टींची यादी कोणत्याही पुस्तकात छापलेली नसते. ती त्या प्रयोगापुरती स्वतःच करावी लागते आणि तिच्यात काहीतरी नेहमी राहून जाते.

मोजमापाचेही तसेच. होळीच्या बाजारात मासळीचा वाटा लावलेला असतो. वाटा म्हणजे वजन नव्हे आणि नगही नव्हे. विकणारीच्या हाताला आणि घेणारीच्या डोळ्याला पटलेला तो एक ढीग असतो. रोजच्या व्यवहाराला तो उत्तम चालतो, घासाघीसही त्यावरच चालते. पण कालच्या वाट्यापेक्षा आजचा वाटा किती मोठा, हे कुणी विचारले तर उत्तर देता येणार नाही. मुलांच्या प्रकल्पांतली ‘वाढ जास्त झाली’, ‘पाणी स्वच्छ झाले’, ‘लवकर सुकले’ ही सगळी वाक्ये अशीच वाट्याने मोजलेली असतात.

सुकण्याचेच घ्या. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत असतात आणि आगाशीकडे राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करतात. ‘कोणत्या उन्हात लवकर सुकते’ हा प्रश्न एखाद्या मुलीला पडला, तर सुकले म्हणजे काय हे तिने आधी ठरवायचे. आजी बोटाने दाबून सांगेल आणि तिचे बोट सहसा चुकणार नाही, पण ते बोट दुसऱ्याला देता येत नाही. वजन देता येते. सोललेल्या केळ्याचे सकाळचे वजन करा आणि मग दर दोन तासांनी करत राहा. वजन घटायचे थांबले, म्हणजे लागोपाठच्या दोन नोंदींत काट्याला दिसेल एवढा फरक उरला नाही, की सुकले असे समजा. आता ‘सुकणे’ ही वहीत लिहिता येण्याजोगी गोष्ट झाली. मग पुढचे प्रश्न आपोआप रांगेत उभे राहतात. सगळी केळी सारख्याच जाडीची होती का? सारखीच पिकलेली होती का? वारा किती होता? ऊन तेच असले तरी वाऱ्याच्या दिवशी सुकणे वेगळे होते, हे किनाऱ्यावरच्या कोणत्याही बाईला विचारा.

या पुस्तिकेतला सर्वांत मोठा भाग विहिरींना दिला आहे, आणि तो मुद्दाम दिला आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यात पाण्याचा प्रश्न हा केवळ पाठ्यपुस्तकातला नाही. इथल्या वाड्या विहिरींवर आणि बावखलांवर जगल्या. शहर वाढू लागले, विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. तिच्यामागच्या चिंतांमध्ये ही एक मोठी चिंता होती. समुद्राजवळच्या जमिनीत पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जड असते. या एवढ्याशा फरकातून एक दणदणीत हिशेब निघतो. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी साचले असेल, तर सपाटीच्या खाली ते सुमारे चाळीस मीटर खोल असू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डच अभियंता घायबेन आणि पुढे जर्मनीचा हर्झबर्ग यांनी हा हिशेब मांडला. त्याची दुसरी बाजू अशी की वरचे पाणी उपसून एक मीटरने उतरले, तर खालचे खारे पाणी, निदान कागदावर, चाळीस मीटर वर सरकू पाहते. जमीन एकजिनसी नसते, म्हणून प्रत्यक्षात हे आकडे इतके चोख येत नाहीत. पण उपसा आणि खारेपणा यांचा संबंध का असतो, ते यावरून कळते.

असे समजा की नववीतल्या एका गटाने प्रश्न घेतला: समुद्राच्या जवळच्या विहिरी जास्त खाऱ्या असतात का? प्रश्न झकास आहे. स्वतंत्र चल म्हणजे समुद्रापासूनचे अंतर, अवलंबी चल म्हणजे खारेपणा. पण इथे एक गंमत आहे. कुंडी उचलून गॅलरीत नेता येते, विहीर नेता येत नाही. अंतर आपण बदलू शकत नाही. वेगवेगळ्या अंतरावरच्या विहिरी फक्त निवडू शकतो. आणि जी विहीर समुद्राजवळ आहे ती कदाचित उथळही असेल, तिच्यावर पंप नसेल, तिच्या शेजारी कोळंबीचे तळे असेल. अंतराबरोबर बाकीचेही गुपचूप बदलत जाते. म्हणून विहिरी निवडताना खोली, उपसा, आजूबाजूचा वापर यांची नोंद अंतराइतक्याच काळजीने करायची. जे बांधून ठेवता येत नाही ते निदान लिहून ठेवायचे.

मग वेळ. गट शनिवारी सकाळी सातला निघतो आणि पुढच्या शनिवारीही सातलाच निघतो, म्हणजे वेळ नियंत्रित झाली असे त्याला वाटते. घड्याळापुरते ते खरे आहे, समुद्रापुरते नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते. सात दिवसांत हा उशीर जवळजवळ सहा तासांचा होतो, म्हणजे या शनिवारी सातला पूर्ण भरती असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी जवळपास पूर्ण ओहोटी. त्यातही एका आठवड्यात उधाण असेल, दुसऱ्यात भांग. किनाऱ्याला लागून असलेल्या विहिरीच्या पातळीवर आणि कधी चवीवरही याचा परिणाम होऊ शकतो. इथे मुलांनी प्रयोगशाळेत नव्हे, पाचूबंदरला जावे. तिथीला पाऊणपट केले की भरतीची वेळ निघते, हा हिशेब कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. मुंबईच्या आसपास तो बऱ्यापैकी जुळतो. म्हणून आमच्या नोंदवहीत तारखेच्या शेजारी तिथीचा रकाना आहे. कुणाला तो धार्मिक वाटला तर वाटो. तो एक चल आहे.

आता खारेपणा मोजायचा कशाने? हल्ली पाण्याचे फिल्टर विकणारा माणूस खिशातून पेनासारखे टीडीएस मीटर काढतो, तसले मीटर मुलांनाही सहज मिळते. ते पाण्यात बुडवले की आकडा येतो आणि आकडा आला की मुलांचा विश्वास बसतो. पण ते यंत्र क्षार मोजत नाही. ते पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजते आणि त्याला एका ठरावीक संख्येने, साधारण ०.५ ते ०.७ च्या दरम्यानच्या, गुणून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज दाखवते. पाणी एक अंशाने तापले की त्याची विद्युतवाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. काही मीटर हा फरक भरून काढतात, काही काढत नाहीत. म्हणजे दुपारच्या उन्हात तापलेली बाटली आणि सकाळी विहिरीतून नुकतीच काढलेली बाटली यांची तुलना करताना आपण खारेपणाबरोबर ऊनही मोजत असतो. पाण्याचे तापमान मोजून शेजारच्या रकान्यात लिहिले की निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे असे. आकडा मोठा आला म्हणजे ते मीठ समुद्राचेच, असे मीटर म्हणत नाही. खतांचे क्षार, खडकातले क्षार, सांडपाणी हे सगळे त्याला सारखेच. समुद्राचा संशय असेल तर क्लोराइड शोधावे लागते आणि त्याची सोय शाळेच्या प्रयोगशाळेत असते. परीक्षानळीत थोडे पाणी, त्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन थेंब. पांढरा, दह्याच्या कवडीसारखा साका आला तर क्लोराइड आहे. जितका दाट, तितके जास्त. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. समुद्राच्या पाण्यात हेच प्रमाण सुमारे ३५,००० असते. हे तीन आकडे भिंतीवर लावून ठेवले की आपल्या विहिरीचा आकडा कुठे बसतो ते मुलांना लगेच कळते.

आणि एका विहिरीवरून गावाबद्दल बोलायचे नाही. २६ जुलै २००५ च्या पावसाची आठवण वसईकरांनाही आहे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच शहरात, त्याच दिवशी, कुलाब्याला जेमतेम ७३. दोन्ही पर्जन्यमापके बरोबर होती. मुंबईत किती पाऊस पडला, हा प्रश्नच अपुरा होता.

उपकरणाचा शेवटचा अंक कितपत खरा मानायचा, यावर या पुस्तिकेत एक प्रकरण आहे. ते दोलकाभोवती रचले आहे, कारण दोलकाला दोरा, दगड आणि खिळा यांपलीकडे काही लागत नाही. मोबाइलवरचे स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवते. पण बटण दाबणारे बोट डोळ्याच्या मागे असते, साधारण दोन दशांश सेकंद. सुमारे मीटरभर लांबीच्या दोलकाचे एक आंदोलन दोन सेकंदांत होते. तेवढेच मोजले तर चूक दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. वीस आंदोलने मोजून विसाने भागा, तेच बोट, तीच चूक, पण आता ती अर्ध्या टक्क्यावर येते. नवे उपकरण न घेता मापन वीसपट सुधारले. ही युक्ती ज्या मुलाला एकदा कळली, तो पुढे कागदाची जाडी मोजायला सांगितली की आपण होऊन शंभर कागदांचा गठ्ठा घेतो.

पण सरासरीने सगळेच दोष धुतले जात नाहीत. दोऱ्याची लांबी गाठीपासून दगडाच्या वरच्या कडेपर्यंत मोजली आणि दगडाच्या मध्यापर्यंत मोजायची राहिली, तर शंभर वेळा मोजूनही प्रत्येक वेळी तितकेच कमी भरणार. वजनकाटा रिकामा असतानाच तीन ग्रॅम दाखवत असेल, तर तो प्रत्येक केळ्याला तीन ग्रॅम बक्षीस देणार. इकडे-तिकडे होणाऱ्या चुका पुन्हा पुन्हा मोजून आटोक्यात येतात. एकाच बाजूला ओढणाऱ्या चुका फक्त शंका घेऊन सापडतात.

अशी शंका वेळेवर घेतल्याचे मला ठाऊक असलेले सर्वांत देखणे उदाहरण समुद्राच्या पलीकडचे आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. पुढे टिळकांचे गुरू म्हणून प्रसिद्ध झालेले केरूनाना छत्रे तरुणपणी याच वेधशाळेत साहाय्यक होते. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत विजेच्या ट्राम आणायचे ठरले. विजेचा प्रवाह आला की त्याच्याबरोबर चुंबकीय क्षेत्र आले, आणि मग सुई पृथ्वीचे ऐकते आहे की ट्रामचे, ते कळणार कसे? वेधशाळेचे प्रमुख नानाभाई फ्रामजी मूस यांनी ट्राम धावायची वाट पाहिली नाही. १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. इमारतीला पोरबंदरचा दगड वापरला आणि लोखंड टाळले. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा सुया सुखरूप पलीकडे गेल्या होत्या.

यातला खरा धडा मात्र इमारतीत नाही. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. जागा बदलली की आकडा बदलणार, हे उघड होते. तो किती बदलतो हे कळल्याशिवाय जुनी आणि नवी नोंद जोडता आली नसती. नवा वजनकाटा आणला की जुना लगेच अडगळीत टाकू नका, काही दिवस दोन्हींवर वजन करा, असे मी शिक्षकांना सांगतो तेव्हा त्यामागे मूससाहेब असतात.

तुलनेचा गट निवडण्यातली मेखही मुंबईच्याच इतिहासात सापडते. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला आणि वाल्देमार हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ आली तेव्हा तयार असलेल्या कैद्यांना टोचली. प्रयोगाच्या दृष्टीने तुरुंग ही सोयीची जागा होती. अन्न एक, हवा एक, कोठड्या सारख्या; नियंत्रित चले जणू सरकारनेच बांधून ठेवलेली. लस न घेतलेल्यांमध्ये आजारी पडलेले आणि दगावलेले कितीतरी जास्त निघाले. लस उपयोगी होती, हे पुढे आणखी अनुभवाने दिसले. तरीही नववीच्या वर्गात मी हा प्रसंग सांगितला की एखादी चौकस मुलगी विचारतेच: लस घ्यायला स्वतःहून पुढे आलेले कैदी आधीपासून जास्त धडधाकट नव्हते कशावरून? हा प्रश्न पडला की तिला आमच्या पुस्तिकेची गरज उरत नाही. गट कुणी निवडले, हेही एक चल असते. कैद्यांनी तयारी दाखवायची की नाही हा त्यांचा हक्क होता आणि तो तसाच राहायला हवा; पण कुंड्यांच्या बाबतीत चिठ्ठ्या टाकायला काही हरकत नाही. कोणती कुंडी बासरी ऐकणार हे नाणे उडवून ठरवा. आपला हात नकळत टवटवीत कुंडीकडेच जातो.

हे विचार नवे नाहीत, आपल्याकडेही नाहीत. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात खेड्यातली मुले स्वतः मोजत आणि आकड्यांवरून वर्गात वाद घालत. मुंबईत १९७४ पासून होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९९३ पासून भरणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद तर मुलांना आपल्याच परिसरातला प्रश्न घ्यायला सांगते. म्हणजे वाट आहे. शाळेच्या वेळापत्रकात तिला तास मिळत नाही, आणि प्रदर्शनाच्या गुणपत्रिकेत मांडणी, सादरीकरण, आकर्षकता यांना जेवढे गुण असतात तेवढे वहीला नसतात.

वहीचा विषय निघालाच आहे, तर तो सोडत नाही. आपल्या शाळा-महाविद्यालयांत प्रात्यक्षिकाच्या दोन वह्या असतात, रफ आणि फेअर. रफमध्ये खरे आकडे असतात, फेअरमध्ये हवे असलेले. गुरुत्वत्वरणाचे उत्तर ९.८ यायला हवे हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत असते, मग उत्तरावरून मागे जात रीडिंग तयार होतात आणि सबंध वर्गाचे उत्तर ९.८ येते. एवढा सुसंवाद निसर्गालाही जमत नाही. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, ९.४ आणणाऱ्याचे गुण आपणच कापतो. ९.४ का आले, हे शोधण्यात जे विज्ञान आहे ते ९.८ नकलण्यात नाही. दोरा ताणला गेला का? वीस समजून आंदोलने एकवीस मोजली गेली का? दोलक तीस अंशांपर्यंत ओढून सोडला होता का? तीस अंशांवर आंदोलनाचा काळ पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि उत्तर त्याच्या दुपटीने, साडेतीन टक्क्यांनी, कमी येते.

विचित्र आकड्याबद्दल कुलाब्याचीच आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १८५९ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथल्या चुंबकीय नोंदी अचानक वेड्यावाकड्या झाल्या. सुई एवढी घसरली की कुणालाही यंत्र बिघडल्यासारखे वाटावे. निरीक्षकांनी आकडे सुधारून घेतले नाहीत. जे दिसले ते वेळेसह लिहिले. सूर्यावरच्या स्फोटानंतर आलेले ते महावादळ आज खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनच्या नावाने ओळखले जाते, आणि शतकाहून अधिक काळ लोटल्यावर त्याची तीव्रता किती होती हे अभ्यासक शोधू लागले तेव्हा कुलाब्याची ती नोंद मोलाची ठरली. त्यावरून क्षेत्राची घसरण सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची निघते. एरवीच्या मोठ्या वादळांपेक्षा ती कितीतरी अधिक आहे. त्या दिवशी कुलाब्यात कुणी फेअर वही केली असती, तर हे सगळे गेले असते.

पुस्तिका कशी वापरावी याबद्दल थोडे. प्रकरणे क्रमाने करायलाच हवीत असे नाही. दोलकाचे प्रकरण मात्र पहिल्या महिन्यात करून घ्यावे, कारण चूक किती आणि कुठून येते हे तिथे हाताला कळते. विहिरींचे काम पावसाळा संपल्यावर सुरू करावे आणि उन्हाळ्यापर्यंत चालू ठेवावे. एका भेटीत ते होत नाही आणि होऊ नये. विहिरीच्या मालकाची परवानगी आधी घ्यावी, काठावर मोठे माणूस हवेच, आणि बादली पाण्यात प्रत्येक वेळी सारख्याच खोलीपर्यंत सोडावी, कारण वरचे पाणी गोडे आणि खालचे खारे असू शकते. सिल्व्हर नायट्रेट हाताला आणि कपड्याला काळे डाग पाडते, ते शिक्षकांनीच हाताळावे. प्रत्येक प्रयोगाआधी एक कोरे पान ठेवले आहे. त्यावर काय बदलणार, काय मोजणार, कशाने मोजणार, कितव्या अंकापर्यंत विश्वास ठेवणार आणि काय बांधून ठेवणार, हे उपकरणाला हात लावण्याआधी शाईने लिहायचे. नंतर बदलावेसे वाटले तर खोडायचे नाही, तारीख घालून खाली लिहायचे. प्रयोग संपल्यावर आकडे बघून प्रश्न बदलण्याचा मोह मोठ्यामोठ्यांना होतो, मुलांना का होणार नाही?

शेवटी परीक्षकांना एक विनंती. पुढच्या प्रदर्शनात टेबलाजवळ गेलात की थर्माकोलकडे पाहू नका, रफ वही मागा. ती नसेल तर का नाही ते मुलांना नव्हे, शिक्षकांना विचारा. आणि एखाद्या गटाने ‘आमच्या आकड्यांवरून फरक सिद्ध होत नाही’ असे लिहिले असेल, सोबत मळलेल्या पानांवर सगळ्या नोंदी जशाच्या तशा ठेवल्या असतील, तर पहिला क्रमांक त्यांना द्या.